वर्षाला २९०० सूर्यांइतके तारे: दूरच्या दीर्घिकेचा हा वेग मोजला कसा?

गोदाकाठ (नाशिक) यांचा प्रश्न

नमस्कार. नाशिकमध्ये आम्ही काही शिक्षक आणि निवृत्त मंडळी मिळून खगोलशास्त्राचा एक छोटा अभ्यासवर्ग चालवतो. पुढच्या वर्गात अतिशय वेगाने तारे घडवणाऱ्या दूरच्या दीर्घिका हा विषय मला मांडायचा आहे आणि त्यासाठी एचएफएलएस-३ या दीर्घिकेचे उदाहरण मी निवडले आहे. हर्शेल अवकाश दुर्बिणीच्या निरीक्षणांतून ती सापडली आणि एप्रिल २०१३ मध्ये तिच्याविषयीचा शोधनिबंध 'नेचर' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. तिची ताम्रसृती (विश्वाच्या प्रसरणामुळे प्रकाश किती ताणला गेला याचे माप) ६.३४ आहे, म्हणजे आज आपल्यापर्यंत पोहोचणारा तिचा प्रकाश निघाला तेव्हा विश्वाचे वय जेमतेम ८८ कोटी वर्षे होते. त्या निबंधानुसार तिच्यात दर वर्षी सुमारे २९०० सौरवस्तुमान इतक्या वायूचे ताऱ्यांत रूपांतर होत होते. आपल्या आकाशगंगेत हाच आकडा वर्षाला एक ते दोन सौरवस्तुमानांच्या घरात आहे.

आमच्या वर्गाला बारावीची मुलेही येतात आणि 'शास्त्रज्ञांनी तसे शोधून काढले' एवढ्यावर त्यांचे समाधान होत नाही, होऊही नये. म्हणून माझी शंका अशी आहे की ज्या दीर्घिकेतला एकही तारा कोणत्याच दुर्बिणीला सुटा दिसत नाही, तिच्यात दर वर्षी किती तारे जन्माला येतात हे कोणत्या मोजमापावरून ठरवले जाते? त्या मोजमापात कोणती गृहीतके दडलेली असतात? आणि विश्व इतके तरुण असताना एवढा वायू एका जागी आला कुठून, व तो किती काळ पुरणार होता? या वर्गातल्या मुलांना आपल्या परिसरातून, साध्या दुर्बिणीने, असा एखादा प्रकार प्रत्यक्ष दाखवता येईल का, हेही कोणी सांगितले तर फार मदत होईल.

सप्तशृंग यांचे उत्तर

प्रश्न चांगला आहे आणि त्याचे उत्तर सविस्तरच द्यायला हवे, कारण '२९०० सूर्य' हा आकडा मोजलेला नाही, काढलेला आहे. प्रत्यक्ष मोजले जाते ते एवढेच की अमुक तरंगलांबीवर किती ऊर्जा आपल्याकडे येते. तिथून ताऱ्यांच्या जन्मदरापर्यंत जाण्यासाठी तीन-चार पायऱ्या चढाव्या लागतात आणि प्रत्येक पायरी मुलांना वेगळी दाखवता येते.

पहिली पायरी ताऱ्यांच्या आयुष्याची आहे. सूर्यासारखा तारा सुमारे दहा अब्ज वर्षे जगतो. सूर्याच्या वीसपट वस्तुमानाचा तारा मात्र सूर्यापेक्षा दहा हजारांहूनही जास्त पटींनी अधिक तेजाने जळतो आणि एक कोटी वर्षांच्या आसपास संपतो. त्यामुळे एखाद्या दीर्घिकेत असे जड, निळे, अतिनील प्रकाश ओकणारे तारे आज दिसत असतील, तर ते नुकतेच जन्मलेले असले पाहिजेत, कारण जुने असते तर ते उरलेच नसते. या जड ताऱ्यांचे एकत्रित तेज हेच अलीकडच्या जन्मदराचे माप ठरते. हलके तारे त्याच वेळी त्याहून कितीतरी मोठ्या संख्येने जन्मलेले असतात, पण त्यांचा प्रकाश इतका मंद असतो की दीर्घिकेच्या एकूण तेजात त्यांचा वाटा नगण्य राहतो.

दुसरी पायरी धुळीची. तारे जिथे जन्मतात तिथे धूळ असतेच. ही धूळ अतिनील प्रकाश शोषून घेते, स्वतः किंचित तापते आणि ती ऊर्जा दूर-अवरक्त प्रारणाच्या रूपाने परत फेकते. एचएफएलएस-३ मधली धूळ सुमारे ५६ केल्विन तापमानाची आहे, म्हणजे शून्याखाली २१७ अंश सेल्सिअस. तरीही या थंड धुळीतून बाहेर पडणारे एकूण अवरक्त तेज सूर्याच्या तेजाच्या सुमारे २९ लाख कोटी पट भरले. आता ढोबळ नियम असा आहे की साधारण दर एक हजार कोटी सूर्यांइतक्या अवरक्त तेजामागे वर्षाला एक सौरवस्तुमान इतके तारे घडत असावेत. भागाकार करून पाहा, २९०० हा आकडा तिथेच मिळतो. वर्गात हा भागाकार मुलांकडूनच करून घ्यावा असे मी सुचवेन.

गृहीतक दडलेले आहे ते या ढोबळ नियमात. किती जड तारे जन्मले की त्यांच्या जोडीने किती हलके तारे जन्मतात, याचे प्रमाण आपण आपल्या आकाशगंगेतल्या आणि शेजारच्या दीर्घिकांतल्या तारकासमूहांवरून ठरवले आहे. तेच प्रमाण तेरा अब्ज वर्षांपूर्वीच्या, धुळीने गच्च भरलेल्या आणि अतिशय दाट वायूच्या दीर्घिकेला लागू होते असे आपण धरून चालतो. हलक्या ताऱ्यांची मोजदाद दोन प्रचलित पद्धतींपैकी कोणत्या पद्धतीने केली एवढ्यानेच उत्तर सुमारे दीडपट ते पावणेदोनपट बदलते. तिथे जड ताऱ्यांचे प्रमाण मुळातच जास्त असेल, तर त्याच तेजासाठी एकूण कमी वस्तुमान पुरेल आणि २९०० हा आकडा खाली येईल. याचा अर्थ हा आकडा निरुपयोगी आहे असा अजिबात नाही. इतर दीर्घिकांचे आकडेही त्याच मापाने काढलेले असल्यामुळे तुलना टिकते, पण पूर्णांकाला चिकटून बसू नये. शिवाय २९०० सौरवस्तुमान म्हणजे २९०० तारे असेही मुलांना सांगू नये. बहुतेक तारे सूर्यापेक्षा हलके असतात, त्यामुळे ताऱ्यांची संख्या याहून बरीच अधिक होईल.

ती सापडली कशी, हा भाग मला स्वतःला सर्वांत सुंदर वाटतो. हर्शेल दुर्बीण आकाशाचे चित्र २५०, ३५० आणि ५०० मायक्रोमीटर या तीन तरंगलांब्यांवर घेत असे. जवळच्या दीर्घिका २५० वर सर्वांत तेजस्वी आणि ५०० वर मंद दिसतात. विश्वाच्या प्रसरणामुळे दूरच्या दीर्घिकेचे सारे प्रारण लांब तरंगलांबीकडे सरकते, म्हणून जी वस्तू २५० पेक्षा ३५० वर आणि त्याहूनही ५०० वर अधिक तेजस्वी दिसते, ती खूप दूर असण्याचा संभव असतो. एचएफएलएस-३ अशीच वेगळी उठून दिसली. मग जमिनीवरच्या मिलिमीटर-लहरींच्या दुर्बिणींनी तिचा वर्णपट घेतला आणि त्यात कार्बन मोनॉक्साइड, पाणी, आयनीभूत कार्बन अशा अनेक रेषा सापडल्या. आयनीभूत कार्बनची रेषा प्रयोगशाळेत १५८ मायक्रोमीटरवर असते. इथे ती सुमारे १.१६ मिलिमीटरवर आढळते, म्हणजे ७.३४ पट ताणलेली. त्यातून एक वजा केला की ताम्रसृती ६.३४. एका रेषेवर विसंबून असा निष्कर्ष काढणे धोक्याचे असते, पण इथे सगळ्या रेषा एकच उत्तर देतात, म्हणून अंतराबाबत शंका उरत नाही.

दूर-अवरक्तात आणखी एक गोष्ट निसर्गाने आपल्या सोयीची करून ठेवली आहे. दीर्घिका जितकी दूर तितकी ती मंद दिसायला हवी हे खरे. पण ताम्रसृती वाढते तसा धुळीच्या प्रारणाचा अधिकाधिक तेजस्वी भाग सरकत सरकत एक मिलिमीटरच्या आसपासच्या खिडकीत येतो. या दोन परिणामांची जवळजवळ वजाबाकी होते आणि ताम्रसृती १ पासून ८ पर्यंत सारख्याच तेजाची दीर्घिका मिलिमीटर-लहरींत जवळजवळ सारखीच तेजस्वी दिसते. दृश्य प्रकाशात अशी सवलत कधीच मिळत नाही. चिलीतल्या पाच हजार मीटर उंचीच्या पठारावर ६६ अँटेना असलेली अल्मा ही दुर्बीण प्रारंभिक विश्वातल्या धुळकट दीर्घिका इतक्या सहजतेने कशी पाहू शकते, त्याचे बरेचसे उत्तर यात आहे.

खोडद-रस्ता यांचे उत्तर

सप्तशृंग सरांनी मोजमापाची बाजू इतकी नीट मांडली आहे की तिच्यात मी फक्त एक दुरुस्ती जोडतो आणि मग वायूच्या प्रश्नाकडे वळतो. मी सिन्नरचा, सध्या पुण्यात रेडिओ निरीक्षणांच्या विश्लेषणाचे काम शिकतो आहे, त्यामुळे वायूविषयी थोडे अधिकाराने बोलता येईल.

एचएफएलएस-३ चा २९०० हा २०१३ चा आकडा आहे. त्यानंतर हबल दुर्बिणीच्या प्रतिमांचा अभ्यास झाला तेव्हा असे दिसले की तिच्या आणि आपल्या मध्ये असलेल्या जवळच्या दीर्घिका आपल्या गुरुत्वाकर्षणाने प्रकाश वाकवून गुरुत्वीय भिंगाचे काम करत आहेत आणि तिचा प्रकाश सुमारे २.२ पट वाढवून आपल्याकडे पाठवत आहेत. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या विश्लेषणात ही वाढ वजा केल्यावर जन्मदर वर्षाला सुमारे १३०० सौरवस्तुमानांवर आला. त्यामुळे वर्गात दोन्ही आकडे सांगावेत आणि दुसरा का आला तेही सांगावे. जुन्या लेखांत आणि बातम्यांत अजून पहिलाच आकडा फिरत असतो.

आता माझ्या मते खरा महत्त्वाचा मुद्दा. जन्मदर हा एकटा आकडा कितीही मोठा असला तरी तो एका क्षणाचे चित्र आहे. त्याच्या शेजारी दुसरा आकडा ठेवल्याशिवाय त्याला अर्थ येत नाही आणि तो म्हणजे शिल्लक वायू. एचएफएलएस-३ मध्ये मूळ निबंधानुसार सुमारे १०० अब्ज सौरवस्तुमान इतका वायू होता. त्याला २९०० ने भागा. उत्तर साडेतीन कोटी वर्षे येते. गंगापूर धरणातून किती विसर्ग चालू आहे एवढेच कळले तर उन्हाळा निघेल की नाही हे सांगता येत नाही. साठा किती आणि वरून आवक किती, हे दोन्ही कळावे लागते. दीर्घिकेचेही तसेच आहे. साडेतीन कोटी वर्षे हा काळ खगोलशास्त्रात अत्यल्प आहे. आपल्या आकाशगंगेतला रेणवीय वायू आजच्या वेगाने अर्धा ते एक अब्ज वर्षे पुरेल आणि तोही बाहेरून भर पडली नाही असे धरून.

यातली एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. भिंगामुळे जर धुळीचे तेज २.२ पट वाढले असेल, तर वायूच्या रेषांचे तेजही साधारण तेवढेच वाढलेले असणार. भिंगाची दुरुस्ती केली की जन्मदर कमी होतो आणि वायूही त्याच प्रमाणात कमी होतो, पण त्यांचा भागाकार जवळजवळ तसाच राहतो. म्हणजे '२९०० की १३००' हा वाद चालू असला तरी 'हा वेग फार काळ टिकणारा नाही' हा निष्कर्ष बदलत नाही. मला तर या दीर्घिकेबद्दल सर्वांत भक्कम विधान हेच वाटते.

वायूच्या मोजमापातही गृहीतक आहेच. तारे ज्या वायूतून घडतात तो मुख्यतः थंड रेणवीय हायड्रोजन असतो आणि हा रेणू थंड असताना जवळजवळ काहीच प्रारण देत नाही. म्हणून त्याच्या सोबत अल्प प्रमाणात असणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडची रेषा मोजून, ठरावीक गुणकाने हायड्रोजनचा अंदाज केला जातो. शांत सर्पिल दीर्घिकांसाठीचा हा गुणक आणि घुसळलेल्या, स्फोटक जन्मदराच्या दीर्घिकांसाठीचा गुणक यांत चार-पाच पटींचा फरक धरण्याची पद्धत आहे. त्यामुळे साडेतीन कोटी या आकड्याकडेही कोटींच्या घरातला अंदाज म्हणूनच पाहावे.

एवढा वायू आला कुठून? विश्वाच्या त्या काळात पदार्थ आजच्यापेक्षा कितीतरी दाट होता. ताम्रसृती ६.३४ म्हणजे लांबीत ७.३४ पट आकुंचन, आणि घनफळात त्याचा घन, म्हणजे सरासरी घनता आजच्या जवळजवळ चारशे पट. कृष्णद्रव्याच्या (प्रकाश न देणाऱ्या, केवळ गुरुत्वाकर्षणाने जाणवणाऱ्या द्रव्याच्या) तंतूंच्या छेदबिंदूंवर थंड वायू सतत ओघळत येत होता आणि शेजारच्या दीर्घिका वारंवार एकमेकींत मिसळत होत्या. एचएफएलएस-३ च्या बाबतीत तर जेम्स वेब अवकाश दुर्बिणीच्या निरीक्षणांतून असे समोर आले आहे की ती एकटी नसून दीर्घिकांच्या एका दाटीवाटीच्या समूहात आहे. दोन दीर्घिका आदळतात तेव्हा तारे एकमेकांवर आपटत नाहीत, पण वायूचे ढग आपटतात, त्यांचा कोनीय संवेग (फिरण्याचा जोर) कमी होतो, ते केंद्राकडे घसरतात आणि थोड्या जागेत प्रचंड वायू दाबला जातो. एवढ्या वेगाने तारे घडण्याचे कारण बहुधा यातच आहे.

तरीही वेगवान ताराजन्म म्हणजे टक्करच, असे समीकरण मांडू नये. पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रातल्या राशी जैन आणि योगेश वाडदेकर यांनी वेब दुर्बिणीच्या प्रतिमांतून शोधलेली 'अलकनंदा' ही दीर्घिका २०२५ मध्ये प्रसिद्ध झाली. विश्वाचे वय सुमारे दीड अब्ज वर्षे असतानाची ही दीर्घिका दोन स्पष्ट सर्पिल भुजा असलेली, नीटनेटक्या तबकडीची आहे आणि तिच्यात वर्षाला सुमारे ६० सौरवस्तुमान इतके तारे घडत होते. आपल्या आकाशगंगेच्या कितीतरी पट वेग, आणि तोही सुव्यवस्थित तबकडीत! इतक्या लवकर अशी रचना कशी उभी राहिली, हा आज सिद्धांतकारांसमोरचा खरा प्रश्न आहे.

आणि आता नाशिककरांसाठी. नाशिकहून पुण्याला जाताना नारायणगावाजवळ खोडदची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण लागते. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची ही दुर्बीण गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने उभी राहिली आणि दूरच्या दीर्घिकांतला वायू मोजण्याच्या कामात तिने जगात अग्रस्थान मिळवले आहे. ती अणुरूप, म्हणजे रेणू न बनलेला, सुट्या अणूंचा हायड्रोजन पाहते. या हायड्रोजनचा संदेश १४२० मेगाहर्ट्झवर निघतो, पण आठ अब्ज वर्षांपूर्वीच्या दीर्घिकेकडून येताना तो निम्म्या वारंवारितेवर उतरलेला असतो आणि एकेका दीर्घिकेचा संदेश इतका क्षीण असतो की तो वेगळा ओळखताच येत नाही. आदित्य चौधरी, निस्सीम काणेकर आणि जयराम चेंगलूर यांच्या गटाने ७६५३ दीर्घिकांचे संदेश एकमेकांवर रचून त्यांची सरासरी काढली आणि २०२० मध्ये 'नेचर'मध्ये प्रसिद्ध केले की त्या काळच्या तारे घडवणाऱ्या दीर्घिकांतला अणुरूप वायू त्यांच्या तत्कालीन वेगाने एक-दोन अब्ज वर्षांतच संपला असता.

या एका निष्कर्षाने मोठा प्रश्न सुटायला मदत झाली. संपूर्ण विश्वाचा विचार केला तर ताराजन्माचा वेग सुमारे दहा अब्ज वर्षांपूर्वी कळसाला होता आणि तेव्हापासून तो जवळजवळ एक दशांशावर आला आहे. का आला, याचे उत्तर आता असे देता येते की दीर्घिकांचा खर्च चालूच राहिला आणि बाहेरून येणारा वायू त्या खर्चाला पुरेनासा झाला. पुढे २०२३ मध्ये अर्णब चक्रवर्ती आणि निरुपम रॉय यांनी याच दुर्बिणीने, गुरुत्वीय भिंगाची सुमारे तीसपट मदत घेऊन, ताम्रसृती १.२९ वरच्या एकाच दीर्घिकेतल्या अणुरूप हायड्रोजनची नोंद जाहीर केली. तिच्यातला हा वायू तिच्या ताऱ्यांच्या एकूण वस्तुमानाच्या जवळजवळ दुप्पट निघाला. मुलांना खोडदला नेण्याचे जमले तर अवश्य न्या. वायूच्या साठ्याचा हिशेब जिथे होतो ती जागा पाहिल्यावर हा विषय त्यांच्या मनात पक्का बसेल.

गोदाकाठ

सप्तशृंग सर आणि खोडद-रस्ता, दोघांचेही मनःपूर्वक आभार. भागाकार मुलांकडून करून घेण्याची आणि दोन आकडे शेजारी ठेवण्याची कल्पना मी जशीच्या तशी उचलणार आहे. एक उपप्रश्न राहतो. दीर्घिकेच्या केंद्रातले महाकाय कृष्णविवर वायू गिळत असेल तर त्याच्या भोवतालची चकती प्रचंड तेज देते आणि तेही धुळीला तापवते. मग धुळीचे सगळे तेज ताऱ्यांच्याच नावावर कसे जमा करता येईल? आणि वायू संपतो असे म्हणतो तेव्हा तो सगळा ताऱ्यांतच जातो का?

सप्तशृंग

शंका रास्त आहे आणि प्रत्येक शोधनिबंधात तिचा विचार करावा लागतो. कृष्णविवराजवळची धूळ शेकडो अंशांपर्यंत तापते, त्यामुळे तिचे प्रारण मध्य-अवरक्तात ठळक दिसते. ताऱ्यांनी तापवलेली धूळ दूर-अवरक्तात. अनेक तरंगलांब्यांवर मोजमाप करून दोन्ही वाटे वेगळे काढले जातात. धूळ फार दाट असली की ही विभागणी अवघड होते, हे मान्य करायला हवे.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर 'नाही' असे आहे. अंदाजे प्रत्येक शंभर सौरवस्तुमानांच्या ताऱ्यांमागे एक तारा असा जड असतो की त्याचा शेवट अतिनवताऱ्याच्या स्फोटात होतो. वर्षाला १३०० धरले तरी ढोबळमानाने वर्षाला दहा-बारा स्फोट, तर आपल्या आकाशगंगेत शतकाला दोन-तीन. या स्फोटांनी आणि जड ताऱ्यांच्या प्रारणाने वायू ढकलला जातो, तापतो आणि दीर्घिकेबाहेर वाऱ्याच्या रूपाने फेकला जातो. त्यातला काही कायमचा जातो, काही कालांतराने परत खाली येतो. म्हणून साठा संपण्याचा खरा काळ साध्या भागाकारापेक्षा कमीही असू शकतो. या वाऱ्यासोबत ताऱ्यांच्या पोटात तयार झालेला ऑक्सिजन, कार्बन आणि धूळही बाहेर पडते. २०२५ मध्ये अल्माने जेडीज-जीएस-झेड१४-० या दीर्घिकेत, विश्व फक्त सुमारे ३० कोटी वर्षांचे असताना, ऑक्सिजनची रेषा नोंदवली. म्हणजे तोवर ताऱ्यांची निदान एक पिढी जन्मून, जळून संपली होती.

हरसूल-आकाश यांचे उत्तर

मोजमापाबद्दल मी बोलणार नाही, पण प्रत्यक्ष दाखवण्याबद्दल सांगू शकतो. एचएफएलएस-३ ची दिशा कालेय तारकासमूहात आहे. जूनच्या सुरुवातीला मध्यरात्री ती जागा नाशिकहून उत्तरेला सुमारे ५१ अंश उंचीवर असते, पण तेव्हा आपल्याकडे ढग दाटू लागलेले असतात आणि तसेही हौशी दुर्बिणीतून ती दिसणे शक्यच नाही. जागा दाखवण्यापुरताच तिचा उपयोग आहे.

दाखवायची असेल तर एम ८२ दाखवा. १७७४ मध्ये बोडे याने ती प्रथम पाहिली. आपल्यापासून सुमारे १.२ कोटी प्रकाशवर्षांवर असलेली ही दीर्घिका आकाशगंगेपेक्षा लहान आहे, तरी तिच्यात ताऱ्यांचा जन्मदर आकाशगंगेच्या सुमारे दहापट आहे आणि तो बहुतांशी केंद्राजवळच्या छोट्या भागात एकवटलेला आहे. कारणही तेच, जे वर सांगितले गेले: शेजारची मोठी दीर्घिका एम ८१ कोट्यवधी वर्षांपूर्वी तिच्या जवळून गेली आणि तिच्या ओढीने एम ८२ मधला वायू केंद्राकडे घसरला. दूरच्या विश्वात जे धूसर ठिपक्याच्या रूपात मोजावे लागते, ते इथे आकारासकट पाहता येते.

शोधण्याची रीत सोपी आहे. सप्तर्षींच्या चौकोनातल्या पुलस्त्यापासून क्रतूपर्यंत तिरकी रेषा काढा आणि ती तेवढीच पुढे वाढवा. तिथे एम ८१ सापडते आणि तिच्या शेजारी, चंद्रबिंबापेक्षा थोड्या अधिक अंतरावर, एम ८२. कमी वर्धनाच्या नेत्रिकेत दोन्ही एकाच वेळी मावतात. एम ८१ गोलसर दिसते, तर एम ८२ सडपातळ, कडेने दिसणारी आणि मधोमध काळसर फटी असलेली. त्या फटी म्हणजेच ज्या धुळीबद्दल वर इतके लिहिले गेले आहे ती धूळ. सहा इंची परावर्तक दुर्बीण पुरते, चार इंचीतूनही आकार कळतो. हिची प्रत (तेजाचे माप; आकडा जितका मोठा तितकी वस्तू मंद) ८.४ आहे, त्यामुळे शहरातून निराशा होईल.

वेळ निवडावी ती मार्चअखेर ते एप्रिल. रात्री नऊ-दहाच्या सुमारास ती उत्तरेला सर्वांत उंच असते, पण आपल्या अक्षांशावरून ही उंची ४० अंशांच्या आसपासच राहते. म्हणून जागा निवडताना उत्तर क्षितिज अंधारे असेल असे पाहा. शहराच्या दक्षिणेला सिन्नरच्या बाजूने गेलात तर नाशिकचा सगळा उजेड नेमका एम ८२ च्या खाली पसरतो. उलट पेठ किंवा हरसूलच्या दिशेने गेलात तर तो पाठीमागे राहतो. अमावास्येच्या आसपासचे दिवस धरा आणि एप्रिलमध्ये धुरकटपणा वाढण्याआधी, पश्चिमेचा वारा पडलेला असेल अशी रात्र मिळाली तर उत्तम.

जानेवारी २०१४ मध्ये लंडनच्या एका विद्यापीठीय वेधशाळेत विद्यार्थ्यांचा वर्ग चालू असताना याच दीर्घिकेत एक अतिनवतारा सापडला होता आणि छोट्या दुर्बिणींतूनही तो दिसत होता. मुलांना हे सांगा, पण एक काळजी घ्या. तो श्वेत बटूच्या (सूर्यासारख्या ताऱ्याच्या शेवटी उरणाऱ्या दाट गाभ्याच्या) स्फोटाचा प्रकार होता, जड तरुण ताऱ्याचा नव्हे, त्यामुळे वेगवान ताराजन्माचा पुरावा म्हणून तो देऊ नये. पुरावा हवा असेल तर छायाचित्र घ्या. हायड्रोजनच्या लाल रेषेपुरता प्रकाश आत सोडणारा फिल्टर लावून काही तासांचे एकत्रित छायाचित्र घेतले, तर दीर्घिकेच्या तबकडीला काटकोनात, दोन्ही बाजूंना, लाल तंतू बाहेर पडताना उमटतात. सप्तशृंग सरांनी सांगितलेला वारा तोच. आमच्याकडे असा फिल्टर आणि आकाशाच्या गतीबरोबर दुर्बीण फिरवून मागोवा घेणारे आसन आहे; तुमच्या वर्गासाठी येत्या एप्रिलच्या अमावास्येला ते घेऊन यायला मी तयार आहे, फक्त किती मुले येणार आणि कोणाच्या गाडीने, हे आधी कळवावे.

गोदाकाठ

हरसूल-आकाश, फार आभार. साधारण वीस मुले असतील. पालकांची परवानगी घेऊन जागा आणि वाहनाचे तपशील मी तुम्हाला वेगळ्या संदेशातून कळवतो. त्याआधीच्या वर्गात २९०० आणि १३०० या दोन्ही आकड्यांचे भागाकार फळ्यावर करून घेईन, म्हणजे दुर्बिणीतून त्या काळ्या फटी दिसतील तेव्हा धुळीचा आणि जन्मदराचा संबंध मुलांना आधीच माहीत असेल.